बसल्या जागेवरून आफ्रिका

टांझानियातल्या सेरेंगेटीच्या फाटकातून गाडी आत शिरली, की पुढचे कित्येक तास पायांना काम नसतं. हे राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं, पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंसंच लहान. एवढ्या पसाऱ्यात, नेमून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून खाली उतरायला मनाई आहे. पंचविशीतला गिर्यारोहक असो की पंचाहत्तरीच्या आजी, दोघांनीही आपापल्या आसनावर बसून राहायचं. यामागे जनावरांचा स्वभाव आहे. रोजच्या सवयीनं सिंहाला किंवा हत्तीला गाडी म्हणजे एकच मोठी, घरघरणारी पण निरुपद्रवी आकृती वाटते. तिच्यातली सुटी सुटी माणसं त्याच्या खिजगणतीत नसतात. कुणी दारातून बाहेर झुकलं, जमिनीवर पाय टेकला, की ती आकृती मोडते. मग जनावर एक तर पळतं, नाही तर अंगावर येतं. ज्याला स्वस्थ बसता येतं, तोच इथला चांगला पाहुणा.

आपल्याकडे गुडघे कुरकुरायला लागले, की माणूस प्रवासाच्या यादीवर स्वतःच काट मारत जातो. चारधाम नको, तिथे चढ आहे. युरोप नको, तिथे दिवसभर पायपीट. आणि आफ्रिकेच्या जंगलाचं तर नावच काढायचं नाही, ते तरुणांचं काम. मला वाटतं, यातली शेवटची समजूत पार उलटी आहे. सफारी हा मुळात बसून करायचा प्रवास आहे. ज्येष्ठांना जंगल अडवत नाही. अडवते ती छोट्या विमानाची शिडी, गाडीची उंच पायरी, न्हाणीघरातल्या टबाचा काठ आणि रात्री तंबूपासून जेवणघरापर्यंत जाणारी अंधारी वाट. म्हणून असा बेत आखताना सिंह किती दिसतील हे मागाहून विचारावं. पायऱ्या किती आहेत, हे आधी.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली. मूळ अरबी ‘सफर’, म्हणजे जी सफर आपण मराठीत करतो तीच. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. त्यात सिंह असलाच पाहिजे असं नाही. त्या भाषेत मराठी माणसाला आणखीही ओळखीचे चेहरे भेटतात: गाडीला ‘गारी’ म्हणतात, रंगाला ‘रांगी’ आणि विम्याला ‘बिमा’. या विम्याकडे पुढे यायचंच आहे.

आधी नकाशा. सफारीची आफ्रिका ढोबळमानानं दोन. पूर्वेकडची, म्हणजे केनिया, टांझानिया, युगांडा, रवांडा. आणि दक्षिणेकडची, म्हणजे दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया, झिंबाब्वे. ज्येष्ठांनी या दोहोंतली निवड आवडीपेक्षा प्रकृती पाहून करावी. पूर्वेचा मोठा फायदा म्हणजे अंतर. मुंबईहून नैरोबीला थेट विमान साधारण सहा तासांत पोचतं आणि घड्याळ फक्त अडीच तास मागे करावं लागतं. झोपेचं गणित फारसं बिघडत नाही. पण नैरोबी जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर वसलंय. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे विमानातून उतरलेला माणूस महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकापेक्षाही वर उभा असतो. टांझानियातल्या गोरोंगोरो विवराचा काठ तर सुमारे २,३०० मीटरवर. धडधाकट माणसाला तिथे थोडी धाप लागते आणि रात्री थंडी वाजते, एवढंच. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असेल, तर मात्र डॉक्टरांना हे आकडे दाखवूनच बेत पक्का करावा. काठावरच्या देखण्या लॉजऐवजी खालच्या कराटू गावात मुक्काम करून दिवसा विवर पाहता येतं. ते पाहण्यासारखं आहेच: वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीचं डोकं आत कोसळून झालेली सहाशे मीटर खोल परात, तिच्या २६० चौरस किलोमीटरच्या तळावर हजारोंनी जनावरं, आणि हे सगळं मोटारीच्या खिडकीतून.

दुसरी गोष्ट पीतज्वराच्या लशीची. केनिया किंवा युगांडासारख्या देशातून भारतात परतताना या लशीचा दाखला दाखवावा लागतो. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे, आणि साठीच्या पुढे ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर त्रासाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. धोका एकूण कमीच, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, तर लस टाळावीच लागते. म्हणून तिकिटं काढण्याआधी डॉक्टर; तिकिटं काढल्यावर नव्हे. माझी मावशी या बाबतीत नशिबाची. तिचे यजमान नोकरीनिमित्त नायजेरियात होते, त्या वेळी घेतलेल्या लशीची पिवळी पुस्तिका तिनं कपाटात जपून ठेवली होती. २०१६पासून हा दाखला आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात, जुनादेखील. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिला सुई टोचून घ्यावी लागली नाही.

ज्यांना ही लस चालणार नाही, त्यांनी हिरमुसू नये. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया हे देश पीतज्वराच्या पट्ट्यात येत नाहीत. तिकडे जाताना विमान मध्ये कोणत्या देशात थांबतं, तेवढं मात्र पाहावं. हिवतापाच्या गोळ्या ज्यांच्या इतर औषधांशी जमत नाहीत, त्यांच्यासाठीही दक्षिण आफ्रिकेत पिलान्सबर्ग आणि मादिक्वे ही हिवतापमुक्त अरण्यं आहेत. पिलान्सबर्ग जोहान्सबर्गहून मोटारीनं अडीच-तीन तासांवर, म्हणजे छोट्या विमानाची शिडीच नको. एका अब्जाहून अधिक वर्षं जुन्या, झिजलेल्या ज्वालामुखीच्या कड्यांमध्ये हे अरण्य वसलंय, आणि तिथे घडलेली एक हकिकत ज्येष्ठ प्रवाशांनी तिथे जाण्याआधी जरूर वाचावी.

१९७९मध्ये या शेतजमिनीच्या प्रदेशात पुन्हा जंगल उभं करायला सुरुवात झाली आणि इतर ठिकाणांहून हजारो जनावरं आणली गेली. त्या काळी पूर्ण वाढलेला हत्ती वाहून नेण्याची सोय नव्हती, म्हणून क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून कळपांपासून वेगळी केलेली पोरकी पिल्लं आणली. ती वाढली, पण मोठ्यांच्या धाकाविना. १९९०च्या दशकात हे तरुण नर वेळेआधीच माजावर येऊ लागले, महिनोन्‌महिने माजावर राहू लागले आणि गेंड्यांवर तुटून पडू लागले. चाळीसहून अधिक पांढरे गेंडे त्यांनी मारले. तोवर मोठे हत्ती हलवायची वाहनं तयार झाली होती. १९९८मध्ये क्रूगरमधून सहा प्रौढ, वयानं मोठे नर आणून सोडले. त्या सहांच्या नुसत्या वावरण्यानं तरुणांचा माज उतरला आणि गेंड्यांच्या हत्या थांबल्या. हे निरीक्षण पुढे विज्ञानाच्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आलं. हत्तींना आजोबा लागतात, हे त्या घटनेनं जगाला दाखवून दिलं.

आणि आज्याही लागतात. केनियाच्या अँबोसेलीत १९७२पासून सिंथिया मॉस आणि त्यांचे सहकारी हत्तींच्या एकेका कुटुंबाची नोंद ठेवत आले आहेत. कळपाची प्रमुख म्हणजे सहसा सर्वांत वयस्क मादी. तिथल्या कळपांना सिंहांच्या डरकाळ्यांचं ध्वनिमुद्रण ऐकवून केलेल्या अभ्यासात दिसलं, की सिंहिणीपेक्षा नर सिंहाचा आवाज जास्त धोक्याचा, हे सर्वांत नेमकं ओळखलं ते साठीच्या पुढच्या प्रमुख माद्यांनी. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजत आला, की म्हातारा हत्ती काटेरी झुडपं सोडून दलदलीतलं मऊ गवत खायला उतरतो. अँबोसेलीच्या दलदली किलिमांजारोच्या उतारावर मुरून जमिनीखालून आलेल्या पाण्यावर जगतात. पोटापर्यंत पाण्यात उभा राहून हिरव्या गवताचे पेंढे सावकाश चघळणारा वृद्ध हत्ती, मागे ५,८९५ मीटरचा तो पर्वत: हे दृश्य पाहायला कुठेही चढून जावं लागत नाही. अँबोसेली लहान आहे, ३९२ चौरस किलोमीटर, आणि सपाट. दिवसाकाठी दोन-तीन तास गाडीत बसलं तरी पुरतं. पाठ धरलेल्यांना मी पूर्व आफ्रिकेत पहिलं नाव हेच सुचवते. धूळ मात्र फार. दमा असेल तर मास्क आणि फवारा जवळ हवाच.

विमानप्रवासात चाकाची खुर्ची मागायला आपली मंडळी संकोचतात. संकोच नको, पण मागताना नेमकं मागावं. विमान कंपन्यांची यासाठी सांकेतिक अक्षरं ठरलेली आहेत. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, त्यांच्यासाठी ‘डब्ल्यूसीएचआर’. जिनाही चढवत नाही, त्यांच्यासाठी ‘डब्ल्यूसीएचएस’. आसनापर्यंतही उचलून न्यावं लागतं, त्यांच्यासाठी ‘डब्ल्यूसीएचसी’. एका अक्षराच्या फरकानं तुमच्यासाठी उचलगाडी येणार की फक्त खुर्ची, हे ठरतं. ४८ तास आधी हे कळवलेलं असावं. आरक्षण करणाऱ्यानं घाईत पहिलंच अक्षर टाकल्यानं शिडीच्या पायथ्याशी ताटकळणारे ज्येष्ठ मी पाहिले आहेत.

जंगलातल्या धावपट्टीवर मात्र उचलगाडी नाही आणि इमारतही नाही. तिथे येतात ती बारा-तेरा आसनांची एका इंजिनाची विमानं. त्यांची घडीची शिडी अरुंद, आत छत बुटकं, वाकूनच आसन गाठायचं. सामान साधारण १५ किलो, तेही मऊ पिशवीत. टणक सूटकेस पोटात मावतच नाही. घडीची चाकाची खुर्ची बहुधा घेतात, बॅटरीवरच्या खुर्चीचं वजन आणि बॅटरीचा प्रकार मात्र आधी कळवावा लागतो. तरीही ही शिडी चढवणार असेल, तर चढावी असंच मी म्हणेन. कारण पर्याय आहे तो रस्त्याचा. गोरोंगोरोकडून सेरेंगेटीकडे जाणारा कच्चा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा वळ्यावळ्यांचा झालेला असतो. तिकडे त्याला ‘मुरम रोड’ म्हणतात. ऐकताच आपला मुरूम आठवतो. तासन्‌तासांचा तो खडखडाट हाडं ठिसूळ झालेल्या पाठीला परवडत नाही. रस्त्यानंच जायचं, तर मागच्या चाकावरचं आसन टाळावं आणि चालकाच्या शेजारची किंवा मधली जागा मागून घ्यावी.

गाड्यांचेही दोन प्रकार आहेत. पूर्वेत बंद बांध्याची, छत वर उचलता येणारी लँड क्रूझर. तिला दरवाजा, पायरी आणि स्वतंत्र आसनं असतात, आणि खिडकी मोठी असल्यानं बसूनही सगळं दिसतं. दक्षिणेतल्या खाजगी अरण्यांत उघडी गाडी, नाट्यगृहासारख्या चढत्या तीन रांगांची. तिच्यात बाजूनं पाय टाकून चढावं लागतं. पहिली रांग सगळ्यांत खाली आणि चालकाशेजारची जागा त्याहूनही सोपी. मांजरासारखे ताठ कान करून रानाचा कानोसा घ्यायचा असेल तर उघडी गाडी बरी, पण गुडघ्यांना बंद गाडी बरी. क्रूगरमध्ये तिसराही मार्ग आहे. तिथे शेकडो किलोमीटर डांबरी रस्ते आहेत आणि आपली साधी मोटारही चालते. स्कुकुझा, लोअर साबी अशा सरकारी मुक्कामांत चाकाच्या खुर्चीच्या सोयीच्या खोल्या आहेत. काही संस्था तर खुर्चीसकट माणसाला वर उचलून घेणाऱ्या यांत्रिक पाळण्याच्या गाड्याही देतात. त्या थोड्या असल्यामुळे वर्षभर आधी नोंदवाव्या लागतात.

पायरी चढण्याचा सराव घरीच करावा. आमच्या मावशीचे दोन्ही गुडघे बदललेले. फिजिओथेरपीच्या बाईंनी तिला एकच सूत्र घोटून शिकवलं होतं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. निघण्याआधी महिनाभर ती रोज दारातल्या चौरंगावर दहादा चढायची, दहादा उतरायची. लँड क्रूझरची पायरी एसटीच्या पहिल्या पायरीसारखी, तिच्याहून जरा उंचच. आमच्या गाइडनं पहिल्याच दिवशी मागून एक लाकडी स्टूल काढलं, जमिनीवर ठेवलं, स्वतः त्यावर उभं राहून ते डगमगत नाही ना पाहिलं आणि मग बाजूला झाला. त्यानं हात धरून तिला ओढलं नाही. आपला कोपर पुढे केला आणि ती कधी धरते, याची वाट पाहत राहिला. तिनं उजव्या हातानं दाराची मूठ पकडली, डावा हात त्याच्या कोपरावर ठेवला, उजवा पाय स्टुलावर, मग पायरीवर, मग आत. पाच दिवस, दिवसातून चार-पाच वेळा, हाच क्रम. असा माणूस मिळणं हीच खरी चैन. म्हणून गाडी आणि गाइड दोन्ही फक्त आपल्यासाठी घ्यावेत. अनोळखी प्रवाशांबरोबर वाटून घेतलेल्या गाडीत म्हातारं माणूस ओशाळतं आणि ‘थांबा’ म्हणत नाही.

थांबण्याचं सगळ्यांत मोठं कारण आपल्या घरांत कुणी उघड बोलत नाही, पण या बेतात तेच निर्णायक ठरतं. रानात स्वच्छतागृह सहलीच्या ठरलेल्या जागीच. मधल्या वेळी अगदीच नाइलाज झाला, तर गाइड गाडीचा परिसर नीट न्याहाळतो आणि प्रवासी गाडीआड जातात. तिकडच्या परिभाषेत याला ‘टायर तपासणं’ म्हणतात. वयस्क बाईला तिथे उकिडवं बसणं शक्य नसतं आणि प्रोस्टेटच्या रुग्णाला दोन तास धरवत नाही. या भीतीनं ज्येष्ठ सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग उन्हात भोवळ येते. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी, घडीची कमोड-खुर्ची किंवा भांडं गाडीत ठेवावं, आणि गाइडला पहिल्याच संध्याकाळी न लाजता सगळं सांगून टाकावं. स्वाहिलीत एक शब्द तर पाठच करावा: ‘चो’, म्हणजे शौचालय.

मुक्कामाच्या जागेबद्दल माझं मत ठाम आहे. महागडं म्हणजे सोयीचं, असं अजिबात नाही. अतिशय आलिशान लॉज नेमके कड्यावर बांधलेले असतात, देखाव्यासाठी. आणि खोलीपर्यंत साठ-सत्तर लाकडी पायऱ्या. चौकशी करताना ‘सोय आहे का’ असं विचारलं, की उत्तर ‘हो’च येतं. छायाचित्रं मागावीत: खोलीच्या दाराचं, न्हाणीघराच्या उंबऱ्याचं, कमोडच्या शेजारच्या भिंतीचं. जेवणघराला सर्वांत जवळची खोली मागावी, कारण कुंपण नसलेल्या मुक्कामात अंधार पडल्यावर रखवालदाराशिवाय बाहेर पडता येत नाही आणि त्याच्या पावलांशी पावलं जुळवणं दमवतं. तंबू असेल तर त्याची चेनही पाहावी. जमिनीलगतची जाड कॅनव्हासची चेन ओढायला वाकावं लागतं आणि संधिवाताच्या बोटांना ती दाद देत नाही. श्वासाचं यंत्र लावून झोपणाऱ्यांनी रात्रभर वीज असते का, हे लेखी विचारावं. सौर विजेवरचे तंबू पुष्कळदा रात्री वीज बंद करतात. इन्सुलिनसाठी जेवणघराचा फ्रीज मिळतो. औषधं प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत मात्र भरू नयेत, केनियात २०१७पासून आणि टांझानियात २०१९पासून त्यांवर बंदी आहे. शाकाहाराची काळजी थोडी. पूर्व आफ्रिकेत चपाती आणि चहा दोन्ही आता तिथलेच झालेत. थंड जागी रात्री अंथरुणात पायाला काही ऊबदार, मऊ लागलं तर दचकू नये. ती गरम पाण्याची पिशवी असते.

एखाद्या दिवशी गाडीत बसणंही नको वाटतं. अशा दिवसासाठी आफ्रिकेत पाणवठे आहेत, जिथे जनावरंच आपल्याकडे येतात. नामिबियातल्या इटोशा उद्यानात ओकाकुयोचा मुक्काम आहे. खोल्यांपासून थोड्याशा अंतरावर दगडी भिंत, तिच्यामागे बाकं, पुढे पाणवठा, आणि रात्रभर त्यावर मंद दिवे. काळे गेंडे तिथे रात्री पाण्यावर येतात. शाल पांघरून बसून राहायचं. केनियाच्या अबरडेअर डोंगरात जहाजाच्या आकाराचा ‘द आर्क’ नावाचा लॉज आहे. तिथे रात्री पाणवठ्यावर विशेष जनावर आलं, की खोलीत घंटी वाजते; तोपर्यंत खुशाल झोपावं. त्याच डोंगरातल्या ‘ट्रीटॉप्स’ या झाडावरच्या घरात १९५२च्या फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथ रात्रभर जनावरं पाहत होती आणि त्याच रात्री वडिलांच्या मृत्यूमुळे ती राणी झाली. तिच्याबरोबर तिथे होते जिम कॉर्बेट. कुमाऊंच्या नरभक्षकांमागे आयुष्यभर डोंगर तुडवलेले कॉर्बेट तेव्हा शहात्तर वर्षांचे होते आणि जवळच न्येरीला राहत होते.

गुडघ्यांना गाडीहूनही हलकी म्हणजे नाव. बोट्स्वानातल्या चोबे नदीवर सपाट तळाच्या नावा चालतात. छायाचित्रकारांसाठीच्या काही नावांत तर चहूबाजूंनी फिरणाऱ्या खुर्च्या आहेत. मान वळवायची नाही, खुर्ची वळवायची. खडखडाट नाही, धूळ नाही. बोट्स्वानात सुमारे १,३०,००० हत्ती आहेत, जगातल्या कुठल्याही देशाहून जास्त, आणि दुपारी त्यांचे कळप पोहत नदी ओलांडतात. तिथून व्हिक्टोरिया धबधबा मोटारीनं दीड-दोन तासांवर. झिंबाब्वेच्या बाजूनं त्याच्या समोरच्या वाटा बऱ्याच सपाट आहेत. १८५५मध्ये तो पाहणारा डेव्हिड लिव्हिंग्स्टन पुढे मुंबईला आला होता, आणि त्याच्या अखेरच्या मोहिमेत नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये शिकलेले, गुलामीतून सुटलेले आफ्रिकन तरुण होते. १८७३मध्ये तो वारल्यावर त्याचा देह खांद्यावरून समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. तोच पुढे शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला.

खांद्यावरून आठवलं. डोंगरी गोरिला ही तर केवळ पायी जाणाऱ्यांची मिरास, असं सगळे धरून चालतात. युगांडाच्या ब्विंडी अरण्यात तासन्‌तास चिखलाचा चढ असतो, हे खरं. पण तिथे डोलीही आहे. गिरनारला किंवा शिखरजीला असते तशीच: दोन दांडे, मध्ये बैठक, गावातले आठ-दहा जण आळीपाळीनं खांदा देतात. गमतीनं तिला ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. त्याचे पैसे वेगळे, पण ते थेट त्या गावांत जातात. जगात डोंगरी गोरिला हजाराच्या थोडेच वर उरले आहेत, आणि चालता न येणाऱ्या माणसाला त्यांच्यासमोर नेऊन बसवणारे खांदे तिथे आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जे टाळायचं तेही सांगते. उष्ण हवेच्या फुग्यात तासभर उभं राहावं लागतं आणि उतरताना टोपली कधी कधी आडवी घसरते. सांधे बदललेल्यांनी आणि ठिसूळ हाडांच्या मंडळींनी त्याचा मोह धरू नये. एका सहलीत पाच अरण्यं कोंबू नयेत. दोन पुरेत, प्रत्येकी तीन-चार रात्री.

आणि बिमा. विम्याच्या अर्जात रक्तदाब, साखर, जुनी शस्त्रक्रिया, सगळं लिहावं. लपवलेला आजारच दाव्याच्या वेळी आडवा येतो. रानातून इस्पितळापर्यंत विमानानं हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे ना, हे वाचून घ्यावं. पूर्व आफ्रिकेत हे काम ‘ॲमरेफ’चे उडते डॉक्टर करतात. १९५७मध्ये तीन शल्यविशारदांनी सुरू केलेली ही सेवा नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून चालते आणि प्रवाशांना सहलीपुरती तिची वर्गणी भरता येते. ही वर्गणी भरल्यावर मुलं घरी निवांत झोपतात, हा तिचा आणखी एक उपयोग.

आम्ही गेलो फेब्रुवारीत, सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूच्या गवताळ पठारावर. वर्षभर चक्राकार भटकणारे तेरा लाखांहून अधिक विल्डबीस्ट या सुमारास तिथे विसावतात, आणि दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. निळे आणि काळे कपडे आम्ही घरीच ठेवले होते, कारण त्या रंगांवर त्सेत्से माश्या येतात. पहिल्या सकाळी गाइड मावशीसमोर किंचित झुकून म्हणाला, ‘शिकामो, बीबी.’ बीबी म्हणजे आजी. शिकामो हा फक्त वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार. त्याचा मूळ अर्थ, तुमचे पाय धरतो. त्याला ‘मराहाबा’ असं उत्तर द्यायचं असतं, हेही त्यानंच शिकवलं. पाया पडायची पद्धत इथेही आहे म्हणून मावशीला इतका आनंद झाला, की पुढचे पाचही दिवस ती त्याच्या नमस्काराची वाट पाहायची.

तिसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास त्यानं गाडी बंद केली आणि नुसतं बोट दाखवलं. वीस-पंचवीस पावलांवर एक मादी आडवी झाली होती. पिल्लू बाहेर आलं ते ओल्या, मळकट पोत्यासारखं. आई लगेच उठली आणि त्याला चाटू लागली. त्यानं पुढचे गुडघे टेकले, मागचा भाग वर उचलला, आणि तोंडावर पडलं. पुन्हा गुडघे, पुन्हा वर, या वेळी बाजूला कोलमडलं. गाडीत कुणी बोलत नव्हतं. मावशीनं खिडकीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि पिल्लू पाय रोवायला लागलं की तिच्याही पोटऱ्या ताठ व्हायच्या. ‘मागचा आधी, बाळा,’ ती हळूच म्हणाली. चौथ्या खेपेला चारही पाय फाकवून, लटपटत, ते उभं राहिलं. गाइडनं घड्याळ दाखवलं: सात मिनिटं झाली होती. आणखी थोड्या वेळानं ते आईच्या कुशीला लागून चालू लागलं आणि दोघंही कळपात मिसळून गेली. मावशी बराच वेळ त्या दिशेला पाहत होती. मग तिनं थर्मासमधला चहा मागितला, आणि गाइडला आधी दिला.